उत्पन्नाधारित विद्यार्थी कर्ज आणि उच्च शिक्षणाची सार्वजनिक जबाबदारी : एक चिकित्सा

उच्च शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न गेल्या चार दशकांत अनेक देशांत नव्याने विचारला गेला. जेथे विद्यापीठीय शिक्षण विनाशुल्क होते अशा काही देशांत शुल्क आले. जेथे ते नाममात्र होते तेथे वाढले. या बदलाचे समर्थन करताना अर्थशास्त्रज्ञांनी एक विशिष्ट साधन पुढे केले. विद्यार्थ्याने शिकत असताना काहीही भरू नये. पदवीनंतर त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच, आणि तेही त्या उत्पन्नाच्या प्रमाणात, त्याने परतफेड करावी. उत्पन्न मर्यादेखाली राहिले तर हप्ता नाही. वसुली बँकेने न करता करयंत्रणेने करावी. यालाच उत्पन्नाधारित विद्यार्थी कर्ज असे म्हटले जाते.

या साधनाविषयीच्या चर्चेत दोन स्वतंत्र प्रश्नांची सातत्याने गल्लत होत आलेली दिसते. विद्यार्थ्यावर जो भार टाकायचा तो कोणत्या रीतीने वसूल करावा, हा एक प्रश्न. मुळात त्याच्यावर किती भार टाकावा आणि शासनाने आपले अनुदान किती काढून घ्यावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला उत्पन्नाधारित कर्ज हे चांगले उत्तर आहे, किंबहुना आजवर सुचलेल्या उत्तरांपैकी ते बहुधा सर्वोत्तम आहे. पण दुसऱ्या प्रश्नाविषयी ते काहीच सांगत नाही. तरीही व्यवहारात पहिल्या उत्तराच्या पुण्याईवर दुसरा निर्णय पदरात पाडून घेतला जातो. ही गल्लत कशी घडते हे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोन देशांच्या अनुभवावरून स्पष्ट होते, आणि भारतीय संदर्भात तिचे रूप अधिकच वेगळे होते.

कल्पनेचा उगम

या कल्पनेचे जनकत्व सामान्यतः मिल्टन फ्रीडमन यांच्याकडे दिले जाते. १९५५ साली लिहिलेल्या शिक्षण आणि शासन या विषयावरील निबंधात त्यांनी असे मांडले की, कारखान्यात भांडवल गुंतवणारा जसा नफ्यातील वाटा घेतो तसा माणसाच्या शिक्षणात पैसा गुंतवणाऱ्याला त्या माणसाच्या भावी मिळकतीतील वाटा मिळावा. यंत्र गहाण ठेवता येते, माणूस गहाण ठेवता येत नाही. म्हणूनच खाजगी बँका शिक्षणासाठी तारणाविना कर्ज देत नाहीत आणि गरीब पण हुशार मुलगा मागे राहतो, हे त्यांचे निदान अचूक होते. अशा करारात माणसाच्या अंशतः गुलामीचा वास येतो याची जाणीव त्यांनाही होती, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

याचा एक प्रयोग १९७१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाने केला. दर हजार डॉलर कर्जामागे वार्षिक उत्पन्नाच्या ०.४ टक्के इतकी रक्कम विद्यार्थ्याने भरत राहायची, आणि एका वर्षाच्या गटाचे एकत्रित कर्ज फिटेपर्यंत त्या गटातील सर्वांनी भरायचे, अशी ती योजना होती. ज्यांना भरपूर मिळकतीची खात्री होती ते योजनेपासून दूर राहिले अथवा दीडपट रक्कम भरून मोकळे झाले. ज्यांनी भरणेच टाळले त्यांचा भार प्रामाणिकपणे भरणाऱ्यांवर पडला. सत्तरचे दशक संपण्यापूर्वीच विद्यापीठाने ती योजना नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. या अपयशातून पुढील काळाला एक धडा मिळाला : अशी जोखीम एखाद्या संस्थेला किंवा मित्रांच्या गटाला पेलणारी नाही, ती सर्व समाजात विभागली गेली पाहिजे, आणि वसुलीचा अधिकार ज्याच्याकडे उत्पन्नाची माहिती आहे त्याच्याकडे, म्हणजे शासनाकडेच, असला पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचा प्रयोग

ऑस्ट्रेलियात व्हिटलम सरकारने १९७४ साली विद्यापीठीय शुल्क रद्द केले होते. पुढे विद्यार्थिसंख्या वाढवायची तर पैसा कोठून आणायचा, हा पेच निर्माण झाला. शिक्षणमंत्री जॉन डॉकिन्स यांनी नेमलेल्या व्रॅन समितीने १९८८ साली आणि तिच्यासाठी काम करणारे अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांनी जी योजना आखली ती १९८९ पासून अमलात आली. सर्व अभ्यासक्रमांना वर्षाला १८०० ऑस्ट्रेलियन डॉलर असे एकच अंशदान. ते पदवीनंतर, उत्पन्न २२ हजार डॉलरच्या वर गेल्यास, एक ते तीन टक्के दराने प्राप्तिकर खात्यामार्फत भरायचे. कर्जावर महागाई निर्देशांकानुसार वाढ, परंतु त्याहून अधिक व्याज नाही. शिक्षणखर्चाचा मोठा भाग पूर्ववत शासनाकडेच राहिला.

या योजनेचे खरे मर्म तिच्यातील विम्यात आहे. शिक्षण ही अनिश्चित गुंतवणूक आहे. एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक अधिकारी होतो, दुसरा दहा वर्षे हंगामी नोकऱ्यांत घालवतो. एखादी विद्यार्थिनी मुलांच्या संगोपनासाठी पाच वर्षे नोकरीबाहेर राहते. बँकेच्या हप्त्याला या फरकाशी कर्तव्य नसते. उत्पन्नाधारित कर्जात मात्र वाईट दिवस आले की हप्ता आपोआप थांबतो, त्यासाठी अर्जविनंती करावी लागत नाही आणि थकबाकीदार म्हणून नावही लागत नाही. ज्याला मूळ भांडवल नाही त्याच्या दृष्टीने ही सोय थोडीथोडकी नव्हे. शुल्क लागू झाल्यानंतरही ऑस्ट्रेलियात विद्यार्थिसंख्या वाढतच राहिली आणि गरीब घरांतील मुलांचा वाटा घसरला नाही, या गोष्टीचा दाखला योजनेचे समर्थक देतात, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही.

परंतु योजनेचा पुढील इतिहासही पाहिला पाहिजे. १९९६ साली सत्तांतर झाल्यानंतर एकच अंशदान जाऊन अभ्यासक्रमानुसार तीन स्तर आले, रकमा वाढल्या आणि परतफेडीची उत्पन्नमर्यादा एकदम खाली आणण्यात आली. २०२१ पासून मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांच्या बहुसंख्य विषयांचे अंशदान दुपटीहून अधिक वाढवून वर्षाला सुमारे साडेचौदा हजार डॉलरवर नेण्यात आले. गणित, परिचर्या, शिक्षणशास्त्र यांचे चार हजारांच्या आत ठेवण्यात आले. इतिहासाचा पदवीधर परिचारिकेपेक्षा अधिक कमावतो असा याला काही आधार नव्हता. शासनाला नको असलेल्या विषयांवर बसवलेला तो एक दंडच होता. २०२३ साली महागाईमुळे सर्वांच्या शिल्लक कर्जात एका दिवसात ७.१ टक्क्यांची भर पडली. त्याविरुद्ध इतका असंतोष उसळला की २०२४ साली निर्देशांकाचे सूत्र बदलावे लागले आणि २०२५ साली कायदा करून सर्वांच्या शिल्लक कर्जातील २० टक्के रक्कम माफ करावी लागली. १८०० डॉलरच्या माफक अंशदानापासून सुरू झालेली वाट सार्वत्रिक कर्जमाफीपर्यंत येऊन पोहोचली. महाराष्ट्रातील वाचकाला निवडणुकीच्या तोंडावर दिलेल्या कर्जमाफीच्या आश्वासनात अपरिचित असे काही वाटू नये!

इंग्लंड : अनुदानाकडून कर्जाकडे

इंग्लंडमधील घडामोडी अधिक बोलक्या आहेत. १९६२ च्या शिक्षण कायद्यानुसार तेथील पदवी विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिक प्राधिकरण भरत असे आणि पालकांच्या उत्पन्नानुसार निर्वाहभत्ताही मिळत असे. १९९० मध्ये निर्वाहासाठी कर्ज आले. डिअरिंग समितीच्या १९९७ च्या अहवालानंतर १९९८ मध्ये वर्षाला एक हजार पौंडांपर्यंत आगाऊ शुल्क आकारण्यास सुरुवात झाली. २००४ च्या कायद्याने ही आगाऊ आकारणी मोडून तीन हजार पौंडांपर्यंतचे, परंतु पदवीनंतर उत्पन्नानुसार फेडायचे शुल्क आणले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे निकोलस बार यांच्या मांडणीचा त्यामागे मोठा वाटा होता. बार यांच्या मूळ विचारात तीन गोष्टी एकत्र होत्या : पुढे ढकललेले शुल्क, त्यासाठी उत्पन्नाधारित कर्ज, आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी थेट अनुदान. या तिन्हींपैकी एक काढली तर इमारत एका बाजूला कलते. संसदेत २७ जानेवारी २००४ रोजी हे विधेयक दुसऱ्या वाचनात अवघ्या पाच मतांनी तरले, यावरून त्या वेळच्या विरोधाची कल्पना येते.

पुढचे पाऊल निर्णायक ठरले. ऑक्टोबर २०१० मध्ये ब्राउन समितीचा अहवाल आला. त्याच महिन्यात सरकारने खर्चकपातीचा आराखडा मांडला. त्यात संशोधन वगळता उच्च शिक्षणाची तरतूद ७.१ अब्ज पौंडांवरून २०१४-१५ पर्यंत ४.२ अब्जांवर आणण्याचे ठरले. डिसेंबरमध्ये शुल्काची कमाल मर्यादा नऊ हजार पौंड करण्यास संसदेने २१ मतांच्या आधिक्याने संमती दिली. २०१२ पासून मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि कला या विषयांच्या अध्यापनाला मिळणारे अनुदान जवळपास संपुष्टात आले. तिप्पट शुल्क भरूनही विद्यापीठांच्या अध्यापनासाठी तिप्पट पैसा आला नाही. जो पूर्वी शासनाकडून येत असे तो आता विद्यार्थ्याच्या नावे कर्ज लिहून येऊ लागला. ज्या वर्षी हे घडले त्या वर्षी शासनाच्या तिजोरीतून रोख रक्कम जवळजवळ तेवढीच बाहेर पडत होती, कारण विद्यापीठाला पैसे शासनच देत होते. फरक पडला तो हिशेबाच्या वहीत. अनुदान हा खर्च मानला जातो आणि तूट वाढवतो. कर्ज ही मालमत्ता मानली जाते आणि तूट वाढवत नाही.

येथे या धोरणाचे सर्वांत दुबळे अंग उघडे पडते. दिलेल्या कर्जाचा मोठा भाग कधीच परत येणार नाही, हे शासनाला ठाऊक होते. उत्पन्नमर्यादा २१ हजार पौंड, त्यावरील उत्पन्नाच्या नऊ टक्के हप्ता, आणि ३० वर्षांनी उर्वरित रक्कम रद्द, अशी रचना असल्यावर तसे होणे अपरिहार्यच होते. विम्याचा हप्ता म्हणून तो खर्च समर्थनीयही होता. पण तो खर्च तीस वर्षांनी येणाऱ्या कोणा अर्थमंत्र्याच्या माथी लिहिण्यात आला. न परतणाऱ्या भागाचा शासकीय अंदाज काही वर्षांतच ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४५ टक्क्यांपर्यंत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या कर्जांपैकी साडेतीन अब्ज पौंड दर्शनी मूल्याची कर्जे खाजगी गुंतवणूकदारांना १.७ अब्जांना विकण्यात आली. तेथील अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१८ मध्ये या सर्व प्रकाराला वित्तीय आभास म्हटले, आणि त्याच वर्षाअखेरीस राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने न परतणारा भाग प्रथमपासूनच खर्चात धरण्याचा निर्णय दिला. एका निर्णयाने त्या वर्षाची तूट सुमारे १२ अब्ज पौंडांनी फुगली. अनुदान बंद झाले म्हणून जी बचत मिरवली जात होती, तिच्यातील बराच भाग कधी अस्तित्वातच नव्हता.

आभास दूर झाल्यावर धोरणाने जी दिशा घेतली ती अधिक विचार करायला लावणारी आहे. न परतणारा भाग कमी करायचा तर दोन मार्ग असतात : अनुदान वाढवून कर्जच लहान करणे, किंवा कर्जदाराकडून अधिक काळ अधिक वसूल करणे. दुसरा मार्ग निवडला गेला. उत्पन्नमर्यादा दरवर्षी वेतनमानाप्रमाणे वाढत जाईल असे २०१० साली सांगण्यात आले होते. २०१५ साली ती २१ हजारांवर पाच वर्षांसाठी गोठवण्याची घोषणा झाली आणि ती आधीच्या कर्जदारांनाही लागू करण्यात आली. वर्षाला ३० हजार पौंड मिळवणारा पदवीधर २१ हजारांच्या मर्यादेनुसार ८१० पौंड भरतो; मर्यादा २५ हजार असती तर त्याला ४५० भरावे लागले असते. कायद्यात एक अक्षर न बदलता, केवळ आकडा न बदलून, कर वाढवण्याची ही रीत आहे. जनक्षोभानंतर २०१८ मध्ये मर्यादा २५ हजार झाली खरी, पण पुढे २०२२ मध्ये ती २७,२९५ वर पुन्हा गोठवण्यात आली. ऑगस्ट २०२३ नंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी मर्यादा २५ हजारांवर आणि परतफेडीचा काळ ३० ऐवजी ४० वर्षांवर नेण्यात आला. मध्यंतरी, २०१६ मध्ये, गरीब विद्यार्थ्यांचा निर्वाहभत्ता रद्द करून त्याचेही कर्जात रूपांतर झाले होते. परिणामी सर्वांत गरीब घरातील विद्यार्थी सर्वाधिक कर्ज घेऊन बाहेर पडू लागला. बार यांच्या तीन खांबांपैकी तिसरा अशा रीतीने काढून घेण्यात आला.

बँकेच्या कर्जात निदान करार दोन्ही पक्षांना बांधतो. व्याजदर बदलता असला तरी त्याचे सूत्र लिहिलेले असते. येथे धनकोच कायदा करणारा आहे. अठरा वर्षांच्या मुलाने ज्या अटींवर सही केली त्या तो तीस वर्षांचा होईपर्यंत अनेकदा बदललेल्या असतात, आणि त्याला दाद मागायला जागा मतपेटीखेरीज नसते. उत्पन्नाधारित कर्जाच्या सैद्धान्तिक लिखाणात या धोक्याला फारच थोडी जागा मिळालेली आहे. तेथे शासन म्हणजे जोखीम पत्करणारी एक तटस्थ विमासंस्था असे गृहीत धरले जाते. विमासंस्थेला अर्थसंकल्प मांडायचा नसतो. शासनाला दरवर्षी मांडावा लागतो.

हे सर्व अपरिहार्य होते असेही नाही. त्याच राष्ट्रकुटुंबातील स्कॉटलंडने २००८ मध्ये पदवीधरांवरील अंशदान रद्द केले आणि आपल्या विद्यार्थ्यांसाठी पदवीशिक्षण विनाशुल्क ठेवले. तेथेही निर्वाहासाठी कर्जे आहेत, जागांवर मर्यादा आहे आणि विद्यापीठांची आर्थिक ओढाताण आहे. परंतु शिक्षणखर्चाचा प्रश्न दरवर्षीच्या अर्थसंकल्पात, सर्वांच्या डोळ्यांसमोर सोडवावा लागतो.

रयतेचा पैसा

या धोरणाच्या पाठीशी केवळ आर्थिक नव्हे, तर नैतिक युक्तिवादही उभा केला जातो. महाविद्यालयात न गेलेल्या कामगाराच्या कराच्या पैशाने भावी डॉक्टर-वकिलांना का शिकवावे, असा तो युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. जेथे उच्च शिक्षण मूठभरांनाच मिळते तेथे त्यावरील अनुदान हे खालून वर जाणारे दान ठरते.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अर्थशास्त्राकडून शिकण्याची गरज नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात तो अधिक धारदारपणे मांडला आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातून उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्ग घेतात. रयतेच्या मुलांच्या वाट्याला त्यातले काही येत नाही, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. आपल्याकडे अनुदानकपातीचे समर्थन करणाऱ्यांना या निवेदनाचा आधार मोहक वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र तसा आधार घेताना निवेदनाचा अर्धाच भाग वाचला जातो. फुले यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला, शिक्षणापासून दूर राहिलेल्या वर्गांसाठी शिष्यवृत्त्यांची व्यवस्था मागितली. पण शासनाने उच्च शिक्षणातून हात काढून घ्यावा असे म्हटले नाही. उलट, देशाचे हित चिंतणारा कोणीही त्या वेळी सरकारने उच्च शिक्षणाचे साहाय्य काढून घ्यावे अशी इच्छा करणार नाही, असे त्यांनी त्याच निवेदनात बजावले आहे. ज्या वर्गाची उपेक्षा झाली त्याचीही तितकीच चिंता वाहावी, एवढीच त्यांची मागणी होती. विषमतेवरचा त्यांचा उपाय दार बंद करण्याचा नव्हता, दारातून आत येणारे बदलण्याचा होता.

हा फरक तात्त्विक नाही. रयतेचा पैसा वाचवायचा असे म्हणून उच्च शिक्षणातून काढलेला निधी प्राथमिक शाळेकडे गेला काय, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. इंग्लंडमध्ये तो तूट कमी दाखवण्याकडे गेला. भारतात १९९७ साली अर्थ मंत्रालयाच्या अनुदानविषयक चर्चापत्रिकेने उच्च शिक्षणाला कमी गुणवत्तेच्या, म्हणजे अनुदानास फारशा पात्र नसलेल्या, सेवांच्या रांगेत बसवले. ते करताना प्राथमिक शिक्षणाचे नाव पुढे होते. परंतु कोठारी आयोगाच्या काळापासून सांगितले जाणारे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणालाही पुन्हा लिहावे लागले, कारण ते गाठलेच गेले नव्हते.

शिवाय या युक्तिवादाचा पाया काळानुसार बदलतो. महाविद्यालयात कोण येते यावर तो उभा आहे. १९५९ च्या सुमारास महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळाली. 'ईबीसी सवलत' या नावाने दोन पिढ्या ओळखत आलेल्या या निर्णयाने तालुक्याच्या महाविद्यालयांतील बाकांवर शेतकऱ्यांची मुले आणून बसवली. ज्या क्षणी रयतेची मुले आत आली, नेमक्या त्याच सुमारास अनुदान हे वरिष्ठ वर्गाला मिळणारे दान आहे असे सांगितले जाऊ लागावे, यातील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

भारतीय कर्ज : नाव एक, वस्तू दुसरी

भारतात विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाच्या १५ टक्के आणि पुढील दहा वर्षांत २५ टक्के रक्कम स्वतः उभी करावी, अशी शिफारस विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुन्नय्या समितीने १९९३ साली केली. २००० सालच्या बिर्ला-अंबानी अहवालाने त्याच्या पुढे जाऊन, वापरणाऱ्याने किंमत मोजावी आणि ज्याला झेपत नाही त्याने कर्ज घ्यावे, असा मार्ग सुचवला. २००१ पासून भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना राबवली जाऊ लागली. वर्षागणिक विनाअनुदानित संस्थांचा विस्तार आणि या कर्जाचा विस्तार हातात हात घालून चालत आले.

परंतु हे कर्ज उत्पन्नाधारित नाही. ते बँकेचे साधे मुदतकर्ज आहे. अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः एका वर्षाने हप्ता सुरू होतो, नोकरी लागो वा न लागो. ठरावीक रकमेच्या वर तारण अथवा जामीन लागतो. पालक सहकर्जदार असतो. या शेवटच्या अटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. उत्पन्नाधारित कर्जाचा सगळा सिद्धान्त विद्यार्थी ही स्वतंत्र प्रौढ व्यक्ती आहे, तिच्या ऐपतीचा बापाच्या ऐपतीशी संबंध असू नये, या गृहीतकावर उभा आहे. भारतीय कर्जात नेमका तो संबंध सहीने पक्का होतो. मुलाचा हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि सिबिलच्या नोंदीत पितापुत्र दोघांची नावे जातात. २००९ च्या व्याज अनुदान योजनेने साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षणकाळातील व्याजाची सूट दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेने निवडक ८६० संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी तारण व जामिनाची अट काढली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण हप्ता उत्पन्नाशी जोडलेला नाही तो नाहीच, आणि तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी या ८६० संस्थांच्या यादीत सहसा सापडणार नाही.

हप्ता उत्पन्नाशी जोडलेला नसणे म्हणजे काय, हे महाविद्यालयीन अध्यापकवर्गाला दूर शोधायला नको. सेट-नेट अथवा पीएच.डी. झालेले आणि वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी बहुतेक प्रत्येक विभागात आहेत. त्यांचे मानधन सत्राच्या अखेरीस, कधी त्यानंतरही, हाती पडते. बँकेचा हप्ता मात्र दरमहा ठरल्या तारखेला जातो. ज्या राज्याने रिक्त पदे न भरून हा वर्ग निर्माण केला, त्याच राज्यातील उच्च शिक्षणाचा खर्च कर्जातून भागवावा असे सुचवताना कर्जदाराच्या उत्पन्नाची अनिश्चितता ही कोणी निर्माण केली, हा प्रश्न टाळता येणार नाही.

नोकरीचा बाजार सर्वांना सारखा नसतो, याचे दुःखद उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी बडोदा संस्थानाने साहाय्य दिले ते परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या कराराने. १९१७ साली ते बडोद्यात रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. करार पाळण्याची इच्छा आणि पात्रता दोन्ही असताना तो पाळणे समाजाने अशक्य केले. परतफेडीची कोणतीही सक्ती ठरवताना असा कर्जदार डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. या कसोटीवर ठरावीक हप्त्याचे कर्ज नापास होते आणि उत्पन्नाधारित कर्ज उत्तीर्ण होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मग भारताने तेच का स्वीकारू नये? अडचण इच्छेची आहे तशी यंत्रणेचीही आहे. ऑस्ट्रेलियात व इंग्लंडमध्ये मालकाकडून वेतनातूनच हप्ता कापला जातो. भारतात प्रत्यक्ष प्राप्तिकर भरणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण अल्प आहे; शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकराबाहेर आहे; २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच लागत नाही. बहुसंख्य पदवीधर असंघटित क्षेत्रात वा स्वयंरोजगारात आहेत. अशा स्थितीत उत्पन्नाधारित वसुली आणली तर ती ज्यांचा पगार दिसतो त्यांच्याकडून, म्हणजे शिक्षक, कारकून आणि परिचारिकांकडून होईल, आणि दवाखाना थाटलेला डॉक्टर व गाळा घेतलेला व्यापारी कागदोपत्री मर्यादेखालीच राहील. येलमधील प्रामाणिक विद्यार्थ्यांची गत येथे पगारदारांची होईल.

या दोन व्यवस्था कशा एकमेकींना टेकून उभ्या आहेत हे पाहायचे तर इंग्लंडमधील एखाद्या विद्यापीठाच्या वर्गातच डोकावावे लागते. देशी विद्यार्थ्यांचे कमाल शुल्क २०१७ मध्ये ९,२५० पौंड झाले आणि २०२५ पर्यंत तेवढेच राहिले. महागाईने त्याची किंमत झिजली. अनुदान तर आधीच गेले होते. ही तूट विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांकडून भरून काढली, कारण त्यांच्या शुल्कावर मर्यादा नाही. २०२२ मध्ये ब्रिटनचे विद्यार्थी व्हिसा मिळवणाऱ्यांत भारतीय चीनच्याही पुढे गेले. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी इंग्रज विद्यार्थ्याचे कर्ज उत्पन्न नसेल तर थांबते आणि अखेर रद्द होते. त्याच्या बाजूला बसलेल्या पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याने मात्र राहते घर तारण ठेवून, वडिलांना सहकर्जदार करून, बँकेच्या व्याजदराने पैसा आणलेला असतो. नोकरी मिळाली नाही तरी हप्ता सुरू होतो. ब्रिटिश शासनाने काढून घेतलेल्या अनुदानाचा एक हिस्सा अशा रीतीने महाराष्ट्रातील एका कुटुंबाचे घर भरून देत असते.

कर्जाचे हे तत्त्व आता विद्यार्थ्यापुरतेही उरलेले नाही. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेमार्फत केंद्रीय संस्थांना इमारती व प्रयोगशाळांसाठी पूर्वी जे अनुदान मिळे त्याची जागा कर्जाने घेतली आहे. अनेक संस्थांना मुद्दल पूर्णतः वा अंशतः स्वतःच्या अंतर्गत उत्पन्नातून फेडावे लागते, आणि अंतर्गत उत्पन्नाचा हमखास स्रोत शुल्क हाच असतो. हे शुल्क भरण्यासाठी विद्यार्थी बँकेत जाईल. प्रयोगशाळेचे कर्ज एकदा संस्थेच्या नावे आणि दुसऱ्यांदा, शुल्काच्या रूपाने, त्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्याच्या नावे लिहिले जाईल. शासनाच्या वहीत मात्र त्यातील बरेचसे खर्च म्हणून दिसणार नाही.